ज्याच्याकडे उंटच आहेत

ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, या अर्थाची हदीस मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. पण कोणतं ज्ञान? इमाम गझाली लिहितात की या एका प्रश्नावर वीसहून अधिक गट पडले होते आणि जो तो आपलीच विद्या पुढे करत होता. फिकहवाल्यांना फिकह हवी, हदीसवाल्यांना हदीस, सूफींना सूफींची वाट. त्यांचं स्वतःचं उत्तर ‘इह्या उलूम अद्-दीन’च्या पहिल्याच भागात आहे. एकूण 40 भागांच्या या ग्रंथाची सुरुवात त्यांनी ज्ञानापासूनच केली.

ते म्हणतात, समजा उन्हं वर आल्यावर कुणी वयात आला. त्या घटकेला त्याच्यावर फर्ज इतकंच, की कलिमा आणि त्याचा अर्थ समजून घेऊन त्यावर विश्वास ठेवावा. सिद्धान्तांच्या पुराव्यांच्या मागे लागला नाही तरी चालेल. तेवढ्यात मरण आलं तर तो आज्ञाधारक म्हणूनच मेला. दुपार कलली की जुहरची नमाज येते, म्हणून आता वुजू आणि नमाज शिकायची. रमजान आला की रोजाचे नियम. मालमत्ता हाती आली की जकातीचे, आणि तेही स्वतःच्या मालापुरते: ज्याच्याकडे उंटच आहेत त्याला मेंढ्यांच्या जकातीचा हिशेब आत्ता शिकण्याची सक्ती नाही. मुक्याला निषिद्ध बोलणं शिकायला नको, आंधळ्याला निषिद्ध पाहणं.

मला हा उंटांचा मुद्दा फार आवडतो. करायची वेळ आली की जाणून घ्यायची वेळ आली, इतका साधा हिशेब. आपला शौक नेमका उलटा असतो. दुसऱ्याच्या मेंढ्यांचे नियम आपल्याला तोंडपाठ असतात.

एका विषयात मात्र गझाली फारशी कुणाला सूट देत नाहीत. मत्सर, गर्व, दिखाऊ धार्मिकता हे मनाचे आजार ओळखायला शिकणं जवळजवळ प्रत्येकावर फर्ज, कारण त्यांतून सुटलेला माणूस विरळा. हे ते परक्याबद्दल लिहीत नव्हते. 1091 मध्ये वजीर निजामुल्मुल्कनं त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. वय तिशीच्या थोडं पुढे, समोर शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. चार वर्षांनी त्यांनी आपली नियत तपासली आणि त्यांना दिसलं की हे शिकवणं अल्लाहसाठी नाही, नाव आणि दबदबा मिळवण्यासाठी चाललंय. निघावं की राहावं यात महिने गेले. मग जीभच उचलेना. वर्गात शब्द फुटेना, घास गिळवेना. अखेर कुटुंबापुरतं ठेवून बाकी मालमत्ता वाटली, मक्केला जातो असं सांगितलं आणि दमास्कसची वाट धरली. तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारात ते दिवसदिवस कोंडून घेत.

पुढे एका शिष्यानं पत्रातून विचारलं, इतकं शिकलो, त्यातलं कबरीत सोबतीला काय येईल? उत्तरात गझालींनी रानात सिंहासमोर सापडलेला लढवय्या उभा केला. त्याच्याजवळ दहा तलवारी आहेत, त्याही हिंदी, म्हणजे आपल्याकडच्या पोलादाच्या, पण उपसल्याच नाहीत तर त्यांचा उपयोग काय? विद्या या तलवारींसारखी, आणि तक्वा त्या उपसण्यात आहे.

याचा अर्थ शिकणं सोडा असा काढणारे निघतात, आणि तो साफ चुकीचा आहे. गावागावांत मुसलमान वैद्य सापडत नाही आणि सगळे फिकहच्या वादविवादाकडे धावतात, यावर गझाली चिडलेले आहेत. वैद्यकी, हिशेब, शेती, विणकाम, शिवणकाम हे सगळं त्यांच्या लेखी समाजावर फर्ज. कुणीच केलं नाही तर सारेच दोषी. वैद्यकीकडे कुणी वळत नाही याचं कारणही ते आडपडदा न ठेवता सांगतात: तिच्यातून वक्फचा कारभार, अनाथांच्या मालाची देखरेख किंवा काझीपद मिळत नाही. नऊशे वर्षांनंतरही हा टोमणा अंगाला लागतो.

बगदाद सोडल्यानंतर हेब्रॉनला हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली होती: सुलतानाच्या दारी जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, वादसभांत उतरणार नाही. तरी 1106 मध्ये वजीर फख्रुल्मुल्कच्या आग्रहावरून ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला बसले. आत्मचरित्रात त्यांचा खुलासा आहे: पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो. मला हा खुलासा पुरता पटत नाही. तो खोटा वाटतो म्हणून नव्हे. नियत तपासण्याची कसोटी त्यांनीच इतकी कडक लावून ठेवली आहे, की बाहेरच्याला तिचा निकाल देता येत नाही, आणि बहुधा त्यांनाही देता आला नसावा. निशापूरही त्यांनी सोडलं आणि जन्मगावी तूसला परतले. 1111 मध्ये तिथेच वारले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मदरसा आणि सूफींसाठी एक खानकाह काढली होती.