प्रसाद आणि पिशवी

'प्रसाद' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बत्तासा येतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. गढूळ पाण्यातील गाळ तळी बसून पाणी निवळले, म्हणजे त्या पाण्यास संस्कृतात 'प्रसन्न' म्हणतात. पूर्वी घागरीत निवळीचे बी उगाळून घालीत, ते याचसाठी. त्याच धातूपासून प्रसाद हा शब्द झाला. म्हणजे प्रसाद हा आधी निर्मळपणा; खाऊ मागाहून.

आता पंढरीस पाहा. वारी करून परतताना चुरमुरे, बत्तासे, पेढे, बुक्का घेतल्यावाचून कोणाचा पाय निघतो? पूर्वी हे सारे कागदाच्या पुडीत सुताने बांधून मिळे. मग प्लॅस्टिकची पिशवी आली. प्रसाद पोटात जातो, बुक्का कपाळी लागतो, आणि पिशवी चंद्रभागेच्या वाळवंटात पडते. ती कुजत नाही. उन्हाने तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, एवढेच. भीमा पुढे कृष्णेला मिळते, तिच्याबरोबर तेही जातात. ज्या वस्तूचे नावच पाणी निवळणे, तिच्या वेष्टनाने आम्ही नदी नासवावी, याला काय म्हणावे?

आणि गाय! आम्ही तिच्या शेपटीला हात लावून तो कपाळी लावतो. उष्टे अन्न पिशवीत घालून, गाठ मारून फेकतो तेही आम्हीच. तिला गाठ सोडता येते थोडीच? वासावर येते आणि पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक रवंथही होत नाही, पचतही नाही. पहिल्याच कोठ्यात गोळा होऊन बसते. पोट फुगलेले दिसते, गाय उपाशी मरते.

सरकारने २०१८ साली महाराष्ट्रात या पिशव्यांवर बंदी घातली. पण कायदा दुकानदाराला धाक घालील. मागणारा हात आमचा आहे, त्याचे काय?

कोणी म्हणेल, "बुवा, आषाढीचा पाऊस! कागद टिकतो होय?" खरे आहे, भिजला की फाटतो. म्हणून पुडी कागदाची आणि वर झोळी जाड कापडाची. आमचे वाडवडील असेच नेत. शिवाय कागदही फुकट होत नाही. त्याला झाड लागते, पाणी लागते. ओझे वाहायला कापड, पुडीपुरता कागद, एवढे तारतम्य हवे. चकचकीत कागद घेऊ नये, त्यावर बहुधा प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो. वर्तमानपत्रात पेढे बांधणेही बरे नव्हे. छपाईची शाई अन्नात उतरते. आणि काल्याचा प्रसाद तर हातावरच घ्यायचा, त्याला पिशवी कशाला हवी?

गाडगेबाबांचे नाव आम्ही कीर्तनकार फार घेतो; खराटा मात्र कोपऱ्यातच असतो. तेव्हा यंदा दिंडीने निघण्यापूर्वी चार दिवस देवळाच्या ओसरीवर बसावे, एका बाजूने कोरे राहिलेले कागद न घेता साधे कोरे जाड कागद आणावेत, आणि मायबहिणींनी, पोरांनी मिळून पुड्या कराव्यात. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. ती जरा घट्ट शिजवावी. पातळ झाली तर तळ सुटतो आणि चुरमुरे वाटभर सांडतात.