जुन्या यंत्राचा वाली

अ‍ॅपलचा 2012 सालचा 13 इंची मॅकबुक प्रो ऑक्टोबर 2016 पर्यंत नवाकोरा विकला जात होता. मागचे झाकण उघडून रॅम वाढवता यायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता यायची, म्हणून जाणकार मंडळी तो आवर्जून घेत. नोव्हेंबर 2020 मध्ये बिग सर ही मॅकओएसची नवी आवृत्ती आली, तेव्हा ती ज्या मशीनवर चालेल त्यांच्या यादीत या मॉडेलचे नाव नव्हते. विक्रीच्या शेवटच्या महिन्यात ज्याने तो घेतला, त्याचा लॅपटॉप चार वर्षांत निवृत्त झाला. पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, बिजागऱ्या घट्ट. लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला अशा मशीनमध्ये नवी बॅटरी टाकून ते आणखी पाच-सात वर्षे आरामात चालवून दाखवेल.

अशा मशीनवर नव्या आवृत्त्या चालाव्यात म्हणून काही स्वयंसेवकांनी ओपनकोअर लेगसी पॅचर हा प्रकल्प उभा केला. त्याच्याविषयी बहुतेक वेळा चमत्काराच्या सुरात बोलले जाते: कंपनी नाही म्हणाली, तरी बघा, चालले! हा सूर मला पटत नाही. एकदा चालणे हा त्या कामातला सोपा भाग आहे. पुढच्या महिन्यात अपडेट आल्यावर काय, हा खरा प्रश्न. तो नीट विचारायला संगणकाच्या जगाला बराच काळ लागला.

सुरुवातीला प्रश्न असा नव्हताच, कारण ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचाच एक अवयव मानला जाई. यंत्र बदलले की ती नव्याने लिहायची. बेल लॅब्जमध्ये 1973 साली युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि ही गाठ सैल झाली. तरी युनिक्स होते पीडीपी-11 या यंत्रापुरतेच. 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ते इंटरडेटा 7/32 या अगदी वेगळ्या यंत्रावर नेले. त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन इंटरडेटा 8/32 वर तेच करत होते. दोन खंडांत, जवळजवळ एकाच वेळी, एक गोष्ट सिद्ध झाली: प्रणाली आणि यंत्र यांची फारकत करता येते. यंत्र बनवणाऱ्याची त्यासाठी परवानगी लागत नाही.

त्यापुढची दोन-तीन दशके ही कल्पना पराक्रमाच्या अंगाने वाढली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सची पहिली वाच्यता केली तेव्हा ते इंटेलचा 386 प्रोसेसर सोडून कुठे नेता येईल असे त्यांनाच वाटत नव्हते, आणि तसे त्यांनी लिहिलेही होते. थोड्याच काळात काही हौशी लोकांनी ते अमिगा संगणकावर चढवले. 1994 च्या एप्रिलमध्ये अमिगा बनवणारी कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि या उद्योगाला नवा अर्थ आला. आता ते नुसते कौतुकाचे काम राहिले नाही. कंपनी गेली तरी यंत्राला कोणीतरी सांभाळणारे असू शकते, हे दिसले. 1993 मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने तर ‘अर्थातच यावर नेटबीएसडी चालते’ अशा अर्थाचे ब्रीदवाक्यच घेतले. 2005 मध्ये एका कंपनीने नेटबीएसडीवर चालणारा टोस्टर प्रदर्शनात मांडला. लोकांना टोस्टर आठवतो. मला त्या प्रकल्पाचे मोठेपण दुसरीकडे दिसते: यंत्रागणिक बदलणारा कोड आणि सगळीकडे सारखा राहणारा कोड त्यांनी शिस्तीने वेगळा ठेवला, इतका की एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या जातीच्या यंत्रालाही लागू पडावा. त्यामुळे व्हॅक्ससारखे जुने यंत्र पाठीवर घेऊन चालण्याचा भार हलका झाला. टोस्टरचा फोटो काढता येतो, या शिस्तीचा निघत नाही.

सांभाळण्याचा हिशेब सर्वात रोखठोकपणे मांडला तो लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने. तिथला रिवाज एकत्र कुटुंबासारखा आहे: ज्याने स्वयंपाकघर हलवले, त्यानेच सगळ्यांच्या पाण्याची आणि गॅसची जोडणी करून द्यायची. आतल्या रचनेत बदल करणाऱ्याने त्या बदलाने मोडणारा कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करायचा. म्हणून तुमचा ड्रायव्हर एकदा या घरात आला की बरीचशी देखभाल इतरांच्या हातून होऊन जाते. कोणत्या भागाला कोण वाली आहे, याची एक जाडजूड यादीही कर्नलसोबतच असते. तिच्यातल्या श्रेणी वाचण्यासारख्या आहेत. वरच्या श्रेणीचा अर्थ, हे सांभाळण्याचे कोणाला तरी पैसे मिळतात. त्याखालची, कोणीतरी सांभाळतो. त्याखालची, माणूस आहे, पण त्याला अधूनमधून एखादे ठिगळ लावण्यापलीकडे वेळ नाही. मग येते ती बेवारस. यंत्र किती जुने, किती वेगवान, किती खपले, याचा एकाही श्रेणीत उल्लेख नाही. यादी फक्त माणसांविषयी बोलते.

या रोखठोकपणाला दुसरी बाजूही आहे. डिसेंबर 2012 मध्ये इंगो मोल्नार यांनी 386 चा आधार काढून टाकणारा बदल पाठवला. ज्या प्रोसेसरवर लिनक्स जन्मले, तोच. टॉरवाल्ड्स यांनी हळहळ न दाखवता तो स्वीकारला. कारण तांत्रिक होते: 486 मध्ये आलेल्या काही सूचना 386 ला येत नव्हत्या, स्मृतीच्या संरक्षणाची त्याची रीत अपुरी होती, आणि त्यासाठी केलेली जोडकामे अनेक प्रोसेसरांच्या कोडमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाला सांभाळत बसावी लागत होती. एका जवळजवळ न वापरल्या जाणाऱ्या यंत्राचा भार असंख्य लोक वाहत होते. एखाद्या यंत्राला घरात ठेवणे फुकट नसते. त्याची किंमत कोणी ना कोणी मोजत असतो, आणि बहुधा ज्याचे ते यंत्र नाही तो.

मोबाइल फोन आले आणि हा सगळा हिशेब उलटा झाला. फोनची चिप बनवणारी कंपनी कर्नलची एक आवृत्ती एकदा जुळवून देते, कॅमेरा-मोडेमचे ड्रायव्हर बंद डब्यात देते आणि पुढच्या चिपकडे वळते. त्यांतले फारच थोडे मूळ कर्नलच्या घरात येते. सायनोजेनमॉड या समूहाने 2009 पासून अशा फोनना नवे अँड्रॉइड द्यायला सुरुवात केली. भारतात ते नाव घराघरांत नाही तरी कॉलेजच्या वसतिगृहांत नक्कीच पोचले, 2015 च्या सुरुवातीला मायक्रोमॅक्सचा यू युरेका त्याच प्रणालीसह बाजारात आला तेव्हा. त्याच्या थोडे आधी, सायनोजेनच्या भारतातल्या हक्कांवरून मायक्रोमॅक्सचा वनप्लसशी झालेला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. समूहाचे काम कंपनी झाले की काय होते याचा तो पहिला नमुना. दुसरा 2016 च्या डिसेंबरमध्ये: सायनोजेनमॉडमधून निघालेल्या सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या आणि स्वयंसेवकांनी कोड उचलून लीनिएजओएस या नावाने पुन्हा बस्तान मांडले.

लीनिएजओएसने एक गोष्ट स्पष्ट केली. प्रत्येक मॉडेलमागे त्याला सांभाळणारा कोणीतरी हवा, आणि तो नसेल तर त्या मॉडेलच्या नव्या आवृत्त्या बंद. अशा माणसाची नोकरी बदलते, त्याला मूल होते, त्याचा तो फोन पाण्यात पडतो, आणि एक अख्खे मॉडेल यादीतून जाते. हे वाचून पहिल्यांदा चीड येते. पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा हे बरे. 2017 मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसने फोनला दहा वर्षांचे आयुष्य देण्याचे ध्येय ठेवले आणि त्यासाठी फोनला शक्य तितके मूळ कर्नलच्या घरात न्यायचा लांबचा रस्ता धरला. तिथेही फोनांच्या पायऱ्या आहेत, आणि सर्वात खालची पायरी अडगळीची. सांभाळणारा नाही हे उघड लिहिणे, इतपत प्रामाणिकपणा या कल्पनेत आता मुरला होता.

मुळात नवी आवृत्ती हवीच कशाला, जुनीवर भागवा, असे म्हणणारे भेटतात. त्यांना 30 सप्टेंबर 2021 आठवत नसावा. त्या दिवशी, असंख्य संकेतस्थळांची ओळख ज्याच्या भरवशावर पटत होती असे एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. नवे प्रमाणपत्र ज्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, असे अनेक जुने मॅक एका रात्रीत निम्म्या जगाला अनोळखी समजू लागले. आदल्या दिवशीचे यंत्र आणि त्या दिवशीचे यंत्र तंतोतंत सारखे होते.

आता मॅकची गोष्ट. ओपनकोअर हा मुळात अ‍ॅपलची प्रणाली दुसऱ्यांच्या पीसीवर चालवणाऱ्यांसाठी लिहिलेला बूटलोडर. तोच पुढे अ‍ॅपलची प्रणाली अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवायला कामी आला. पण लिनक्सच्या घरात जे संरक्षण मिळते ते इथे नाही. इथे तुम्ही अशा कोणाच्या तरी मागे चालता, जो मागे वळून पाहत नाही, आणि पाहण्याचे त्याच्यावर बंधनही नाही. 2021 च्या माँटेरे आवृत्तीने 2012 च्या मॅकबुकमधल्या इंटेल ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढून टाकले. पॅचर ते जुन्या आवृत्तीतून उचलून नव्या आवृत्तीत बसवतो. त्यासाठी बिग सरपासून सीलबंद झालेला सिस्टिमचा भाग उघडावा लागतो, सुरक्षेची काही कुलपे सैल करावी लागतात. सील तुटले की छोटी अपडेट लागत नाहीत, कित्येक जीबींची पूर्ण आवृत्ती उतरवावी लागते. आणि प्रत्येक अपडेट ती ठिगळे पुसून टाकते, ती पुन्हा लावायची. 2023 च्या सोनोमाने वायफायची रचना बदलली, जुनी वायफाय कार्डे मुकी झाली, मग आधीच्या आवृत्तीतले वायफायचे भाग आणून जोडले गेले. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घ्यायची आणि ती चालावी म्हणून सुरक्षा थोडी सैल करायची, हा व्यवहार प्रत्येकाला परवडेलच असे नाही. बँकेची कामे करणाऱ्या वडिलांच्या मशीनवर मी तो करणार नाही.

यातली सर्वात रंजक कडी 2022 च्या व्हेंचुराची. ती आवृत्ती एव्हीएक्स2 या सूचनासंचावर विसंबून होती आणि 2012 च्या प्रोसेसरना तो येत नाही. वाट इथेच संपायला हवी होती. पण अ‍ॅपलच्या नव्या, स्वतःच्या चिपवरच्या मॅकमध्ये रोझेटा नावाचा दुभाष्या आहे. तो इंटेलसाठीचे प्रोग्राम चालवून देतो आणि त्यालाही तेव्हा एव्हीएक्स2 येत नव्हते. म्हणून नव्या मॅकसाठी अ‍ॅपलने सिस्टिमच्या लायब्ररींची एव्हीएक्स2 विरहित प्रत ठेवली होती. पॅचरवाल्यांनी तीच प्रत जुन्या मॅकना दिली. ज्या चिपमुळे इंटेल मॅक बाद ठरत होते, तिच्याच सोयीवर दहा वर्षांपूर्वीचे इंटेल मॅक तगले. इतके बारीक वाचन पैसे देऊन क्वचितच मिळते.

या वाचनाला वय असते. जून 2025 मध्ये अ‍ॅपलने जाहीर केले की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यानंतर मागे चालायला रस्ताच उरत नाही. त्याआधी फेब्रुवारी 2025 मध्ये, अ‍ॅपलच्या नव्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाचे प्रमुख हेक्टर मार्टिन बाजूला झाले. तिथे यंत्रे नवी होती, अ‍ॅपलने बूट करण्याची वाट मोकळीही ठेवली होती, पण यंत्राची कागदपत्रे कोणी देत नव्हते. कर्नलमधल्या वादांइतकेच त्यांना दमवले ते मागण्यांनी: झालेल्या कामाचे नाव नाही, हे अजून का नाही, त्या मॉडेलवर कधी. पुढे एकाच माणसाच्या खांद्याऐवजी काही जणांच्या गटाने जबाबदारी वाटून घेतली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा ग्राहक पैसे देणाऱ्यापेक्षा कडक असतो, हे गणेशमंडळाचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

कंपन्यांनी जन्मभर आधार द्यावा अशी माझी मागणी नाही. 386 लाही कोणी जन्मभर दिला नाही. हात काढून घेताना कुलूप लावून किल्ली सोबत नेऊ नये, कागदपत्रे मागे ठेवावीत, एवढे मात्र कायद्याने मागता यावे. पण किल्ली मिळाली तरी सांभाळणारा मिळेलच असे नाही, आणि न मिळाल्यास काय करायचे, यावर लिनक्सच्या जगाने अलीकडे एक उत्तर काढले आहे.

इंटेलच्या इटॅनियम या प्रोसेसरचा कोड 2023 च्या शेवटी कर्नलमधून काढला गेला, सुमारे 65,000 ओळी. शेवटची खेप 2021 मध्ये गेली होती. चाचणी करायला यंत्रे दुर्मीळ होती आणि नाव लावायला माणूस नव्हता. तेव्हा काही हौशी पुढे आले: आमच्याकडे यंत्रे आहेत, ती चालतात, काढू नका. टॉरवाल्ड्स यांनी चालणाऱ्या यंत्राचा पुरावा पुरेसा मानला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की घराबाहेर वर्षभर सांभाळून दाखवा, इतरांना त्याचा त्रास होत नाही हे दिसू द्या, मग परत घेण्याचे बोलू. काही जणांनी कर्नलबाहेर ते काम चालवलेही. जीसीसी या कंपायलरच्या 14 व्या आवृत्तीत इटॅनियम बाद होणाऱ्यांच्या यादीत होते. सांभाळायला एक स्वयंसेवक तयार झाला आणि 15 व्या आवृत्तीत ते त्या यादीतून निघाले.