आप्त कोण?

न्यायशास्त्राने चार प्रमाणे सांगितली, त्यांत चौथे शब्द. पण कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही, आप्ताचा होतो. येथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे बरे का! वस्तू जशी आहे तशी ज्याने जाणली, आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. जाहिरातींच्या आणि निवडणुकांच्या गलबल्यात ही एवढी कसोटी हाती असावी.

हितोपदेशातला बोकड खांद्यावर घेऊन निघालेला ब्राह्मण सर्वांच्या परिचयाचा आहे. वाटेत तीन धूर्त निरनिराळ्या ठिकाणी भेटले, तिघांनीही बोकडाला कुत्रा म्हटले, आणि याने तो टाकून दिला. अहो, बोकड खांद्यावरच होता! पण त्याला वाटले, तीन साक्षी झाल्या. साक्ष एकच होती, तोंडे तीन होती.

सन १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहरात ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. त्या काळी तेथेही बायकांनी रस्त्यात असे करणे शिष्टसंमत नव्हते. सिगारेटींना नाव दिले 'स्वातंत्र्याच्या मशाली'. वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. हे सारे घडवून आणणारे एडवर्ड बर्नेझ अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काम करीत होते! १९२० मध्ये तेथील स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला होता. त्या हक्काविषयीचा आदर उचलून तंबाखूवर ठेवला. एकाचा गुण दुसऱ्यावर लादणे, यालाच आमचे शास्त्री अध्यास म्हणतात.

राजकारणात आदराऐवजी भय वापरतात. ७ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली. लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते. मग उलटी मोजणी ऐकू येते आणि अणुबॉम्ब फुटतो. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नावसुद्धा त्यात नाही. आरोप उच्चारलाच नाही, मग खंडन कशाचे करायचे? पैसे देऊन ती एकदाच दाखवली, पण बातम्यांनी ती पुन्हा दाखवून घरोघर पोचवली.

तेव्हा विचारावे : हा सांगणारा या विषयात जाणता आहे का? नट अभिनयात जाणता असेल, केसांच्या तेलात नव्हे. आपण ऐकले तर याला काय मिळणार? आणि त्याने जागवलेले भय, लाज, अभिमान बाजूला ठेवले, तर मागे कारण म्हणून काय उरते?

परपक्षाचा धूर्त लगेच ओळखू येतो. स्वपक्षाचा येत नाही, कारण तो आपल्या मनातलेच बोलतो. म्हणून कसोटी आधी स्वपक्षाला लावावी. आम्ही कीर्तनकार आहोत; सभा डोलली म्हणजे सांगितलेले खरे ठरले असे नाही, हे आम्ही जाणतो.

मात्र सगळेच लबाड, असे म्हणून कान बंद करू नयेत. त्या ब्राह्मणाचा बोकड गेला, तेवढेच नुकसान झाले. ज्याचा कोणावरच विश्वास उरला नाही, त्याला पूर आला म्हणून सांगणारा खरा माणूस भेटला, तरी तो नदीत उतरेल.