लूकचा ओलावा

शनिवारी रात्री उपदेशाचा कागद पुरा झाला की मला झोप लागते. त्या शनिवारी लागली नाही. शास्त्रभाग होता येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला: काही बी खडकाळ जमिनीत पडून वाळतं, काही चांगल्या जमिनीत फळ देतं. मी लिहिलं होतं, जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं मन. वचन उगवलं नाही तर दोष मनाचा. वर्षानुवर्षं हेच सांगत आलो.

पण सकाळी समोर बसणार होती तेलंगणातल्या बेला-जैनद भागातली, पैनगंगेच्या अलीकडची कापूसवाली माणसं. दाखल्यातला पेरणारा मुठीनं बी फेकतो. आमच्याकडे विकतची सरकी एकेक दाणा मोजून टोचतात. मृगात टोचली आणि पावसानं दडी मारली की दुबार पेरणी. पुन्हा बी, पुन्हा उधारी. जमीन काळीभोर, कसदार, तरी कोंब करपतो. या माणसांना जमिनीचा दोष मी कोणत्या तोंडानं सांगणार? आदल्या वर्षी असंच पीक बुडालेलं एक घर उपासनेला यायचं थांबलं होतं. मनातल्या मनात मी त्यांना खडकाळ जमिनीत धरलं होतं. त्यांच्या दारी मात्र एकदाही गेलो नव्हतो.

उठून हा दाखला असलेली तिन्ही शुभवर्तमानं शेजारी शेजारी उघडली. मत्तय आणि मार्क सांगतात, माती खोल नव्हती, मूळ धरलं नाही. लूकच्या आठव्या अध्यायात रोप वाळतं ते ओलावा नव्हता म्हणून. इतकी वर्षं हा शब्द मी वाचून पुढं जात होतो. मराठीत ओलावा मातीला असतो तसा माणसाच्या बोलण्यालाही. तेलुगूत डोळ्यांतल्या पाण्याला ‘कंटतडि’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांची ओल. आमच्या मंडळीत दोन्ही भाषांची माणसं बसतात. हा शब्द कुणालाच फोडून सांगावा लागत नाही.

तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. माझ्या कागदावर मात्र कठोर मन, पश्चात्ताप, फळ असे शब्द होते. शब्द खरे होते, पण ऐकणाऱ्याला एकटं पाडणारे होते.

तो कागद मी बाजूला ठेवला. रविवारी थोडकंच बोललो. पाऊस देवाच्या हाती आहे. वाळत चाललेल्या घरी ओलावा नेणं आपल्या हाती आहे, आणि ते मी केलं नाही, हे आधी कबूल केलं. मग मंडळीला सांगितलं तेच इथंही सांगतो: यंदा ज्याची दुबार पेरणीही वाया गेली, त्याच्या घरी जा. तो उपासनेला येईल याची वाट पाहू नका.