आत्ताच झाला

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. गुरुजींनी एकदा शिकवलं, कुणी काही देऊ केलं आणि आपल्याला नको असेल, तर 'नो, थँक यू' म्हणायचं. कारण सांगायचं नाही? नाही. आम्हाला हे भलतंच वाटलं. आमच्या गावात नुसतं 'नको' म्हटलं की, "का? आमचा चहा कडू हाय का?" म्हणून घोटभर तरी पाजल्याशिवाय कुणी उठू देत नसे. नको म्हणायला कारण लागायचं. पित्त, उपास, नाहीतर 'आत्ताच झाला'. कारण खोटं असलं तरी ते समोरच्याचा मान राखायला, असं मी समजत होतो.

सातवीत होतो. खुरपणीला बायका हव्या होत्या म्हणून आई गावाबाहेरच्या वस्तीत गेली. सोबत मी. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचं ते घर. त्याच्या आईनं न विचारताच चहा टाकला. घासून लख्ख केलेल्या कपांतून तो समोर आला, तशी आई म्हणाली, "राहू द्या, आज चतुर्थी. उपास हाय माझा."

उपासाला चहा चालतो. आई तर चहावरच उपास काढायची. हे तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि त्या बाईलाही. ती फक्त "बरं वैनी" म्हणाली. मग मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आत्ताच झाला."

आवाज किती गोड होता दोघांचाही! कोण म्हणेल आम्ही उद्धट होतो?

पुढं शहरात नोकरीला लागल्यावर कळलं, साहेबी इंग्रजीतही नुसतं 'नो' कुणी म्हणत नाही. 'आय'ड लव्ह टू, बट' म्हणतात. तो 'बट' म्हणजे आईची चतुर्थीच. फरक एवढाच की, तिथं त्या 'बट'मागं बहुतेक वेळा खरोखर दुसरं काम असतं.

गेल्या वर्षी मित्राच्या फ्लॅटवर गेलो. डॉक्टरांनी माझा चहा बंद केलाय, अगदी खरोखर बंद. वहिनी ट्रे घेऊन आल्या. पित्ताचं सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझं खरं कारण मलाच खोटं ऐकू आलं. मित्र काही बोलला नाही. कपाकडं बघत होता.

मी प्यालो. साखर जास्त होती.

"आणखी घेणार?" त्यानं विचारलं.

मी कप पुढं केला.