चूकभूल द्यावी घ्यावी

परवाचीच गोष्ट. एका कचेरीत काही कामासाठी मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सत्तरीच्या घरातल्या एक आजी होत्या. नऊवारी लुगडे, हातातल्या पिशवीत जपून घडी केलेले कागद. खिडकीमागच्या तरुणाने ते कागद पाहिले, यंत्रावर काही अक्षरे टिपली, पुसली, पुन्हा टिपली आणि म्हणाला, "आजी, सिस्टीम घेत नाही."

"काय घेत नाही?"

"तुमचं नाव. या कागदावर इंग्रजी स्पेलिंग एक आहे, त्या कागदावर दुसरंच."

आजींचे नाव कृष्णाबाई. आता आपला 'कृ' इंग्रजीत लिहिताना कोणी 'क्रि' करतो, कोणी 'क्रु'. दोन कचेऱ्यांतल्या दोन कारकुनांनी तो दोन तऱ्हांनी लिहिला, यात आजींचा दोष तो काय? त्या म्हणाल्या, "अरे बाळा, पण मी तर एकच आहे ना?"

तो तरुण दुष्ट नव्हता. तो अगदी ओशाळून म्हणाला, "मला कळतंय हो आजी. पण सिस्टीमच घेत नाही, त्याला मी तरी काय करू?"

आजींनी कागदांची पुन्हा घडी केली आणि त्या निघून गेल्या. रांगेतले सारे हळहळले. कोणी म्हणाले, "काय मेली ही यंत्रं!" मी मात्र गप्प होतो. माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा आहे, आणि आजींना परत पाठवणारी ती ओळ मी चांगली ओळखत होतो. अगदी तीच नसेल. पण तिची सख्खी बहीण मी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

दोन ठिकाणची नावे अक्षराला अक्षर लावून ताडून पाहायची, आणि जुळली नाहीत तर अर्ज फेटाळायचा, एवढेच तिचे काम. ती लिहिली तेव्हा मला मोठा अभिमान वाटला होता. एकही खोटा अर्जदार माझ्या चाळणीतून निसटणार नव्हता! खोटा माणूस आत येऊ नये म्हणून मी दहा प्रकारे परीक्षा घेतली. खरा माणूस बाहेर राहू नये म्हणून मात्र एकही घेतली नाही. तसा विचारच मनात आला नाही. संध्याकाळी काम संपवून मी घरी गेलो, सुखाने जेवलो. आणि माझी ती ओळ त्यानंतर किती कृष्णाबाईंना 'नाही' म्हणत राहिली, हे मला कधीच कळणार नाही.

यंत्र 'नाही' म्हणते असे आपण बोलतो, पण ते खरे नव्हे. 'नाही' हे कोणा माणसानेच म्हटलेले असते. फार पूर्वी, फार दूरच्या खोलीत, समोर कोणी उभे नसताना.

कोणी म्हणेल, पूर्वीचे कारकून काय मोठे देवमाणूस होते? ते चिरीमिरी घेत, ओळख पाहत, जातही पाहत. हे अगदी खरे आहे. यंत्र निदान सर्वांना एकाच मापाने मोजते, आणि ज्याची कोठे ओळख नाही अशा माणसाला याचा केवढा आधार आहे, हे मी जाणतो. परंतु पूर्वीच्या कारकुनाशी भांडता येत असे. त्याच्या साहेबाकडे जाता येत असे. त्याची चूक ही त्याची असे. यंत्राची चूक कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर न शोधल्याने काय होते, ते इंग्लंडात दिसून आले. तेथल्या टपाल कचेऱ्यांत १९९९ पासून 'होरायझन' नावाची नवी हिशेबपद्धती बसवली गेली. लहानलहान गावांत, वाण्याच्या दुकानाला लागून टपाल कचेरी चालवणारी साधी माणसे ती वापरू लागली. संध्याकाळी हिशेब लावावा, तर यंत्र म्हणे, इतके पौंड कमी आहेत. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. कोणी साठवलेला पैसा घातला, कोणी घर गहाण टाकले. मदतीसाठी फोन करावा, तर अनेकांना उत्तर मिळे, 'अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.' तेथील न्यायालयांतही, उलट काही दिसेपर्यंत यंत्र बरोबरच चालते असे गृहीत धरले जाई. पुढच्या सोळा वर्षांत ९०० हून अधिक लोकांवर चोरीचा, खोट्या हिशेबाचा ठपका बसला. काही तुरुंगात गेले. त्या प्रोग्रॅममध्येच दोष होते, हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. आणि २०२४ मध्ये तेथल्या संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. चुका कोणत्या प्रोग्रॅममध्ये नसतात? माझ्या तर हमखास असतात. पण शेकडो माणसे 'आम्ही पैसे घेतले नाहीत' असे सांगत असताना यंत्राची साक्ष खरी मानली गेली, हा दोष प्रोग्रॅमचा नव्हे.

याउलट एक उदाहरण मला नेहमी धीर देते. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या 'थेरॅक-२५' या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची भयंकर मोठी मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. रुग्ण भाजल्याचे सांगत होते, आणि असे होणे शक्यच नाही, असे यंत्र बनवणारे सांगत होते. टेक्सासमधील टायलर या गावच्या रुग्णालयात १९८६ मध्ये असे दोन अपघात झाले. तेव्हा तेथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालवणाऱ्या बाईंना सोबत घेतले, आणि दोघेही यंत्रापुढे बसले. त्या बाईंनी त्या दिवशी काय काय टिपले, ते पुन्हा टिपून पाहायचे. पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी चूक सापडली. टिपलेली माहिती फार भराभर दुरुस्त केली, तरच ती घडत असे. नवशिक्याच्या हातून ती कधी घडलीच नसती. सरावाच्या हातालाच ती भेटत होती! हेगर यांनी वेगळे काय केले? यंत्राचे ऐकण्याआधी त्यांनी माणसाचे ऐकले.

माझे वडील एका किराणा पेढीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांना हळदकुंकू लावले जाई, आणि मी त्यांच्या शेजारी पाटावर बसे. त्यांचा हिशेब कधी चुकल्याचे कोणाला आठवत नाही. तरीही गिऱ्हाइकाला द्यायच्या प्रत्येक हिशेबाखाली ते चार अक्षरे लिहीत: चू. भू. द्या. घ्या. मी एकदा विचारले, "बाबा, तुमचं तर चुकत नाही, मग हे कशाला?"

ते म्हणाले, "अरे, उद्या त्याला वाटलं काही चुकलंय, तर परत येऊन विचारायला त्याला संकोच नको."

तेव्हा मला ते नीट कळले नाही. आज वाटते, माझ्या सगळ्या शिक्षणात हे कोणी शिकवले नव्हते. त्या चार अक्षरांत नम्रता आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे एक दार आहे. आणि दारामागे वडील स्वतः बसलेले असत.

हल्ली नवा प्रोग्रॅम लिहिताना 'नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक ओळीपाशी मी थांबतो. तेथे एक वाट ठेवतो: एखाद्या माणसाने कागद पाहावेत, आपले नाव लिहावे आणि 'हो' म्हणावे. माझे तरुण सहकारी हसतात. म्हणतात, ही पळवाट आहे, तिचा गैरफायदा घेतला जाईल. घेतला जाईलही. पण ज्याने घेतला त्याचे नाव तेथे असेल, आणि नाव असलेल्या माणसाला जाब विचारता येतो.

आमच्या घरी आता लक्ष्मीपूजनाला वह्या नसतात; माझा लॅपटॉप चौरंगावर ठेवतात, आणि कुंकू आत जाऊ नये म्हणून पत्नी झाकणावर अगदी बेताने बोट टेकवते. यंदा पूजेला बसताना मला त्या आजींची आठवण येईल. तुम्हांला एकच सांगणे. 'सिस्टीम घेत नाही' असे कोणी म्हणाले, तर रागावू नका. खिडकीमागच्या त्या पोराचा दोष नसतो. पण तसे परतूही नका. "मग चूक कोण घेतो, त्याचं नाव सांगा," एवढे विचारा. विचारणारे वाढले, की आम्हां लिहिणाऱ्यांनाही दारे ठेवावी लागतील.

चू. भू. द्या. घ्या.