निंदा ऐकताना चित्त कोठे असते?



राजगृह आणि नालंदा यांमधील वाटेने तथागत भिक्खूसंघासह चालले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक वाटभर बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत येत होता. त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त मात्र तिघांची स्तुती करीत होता. अंबलट्ठिकेत मुक्काम पडला. पहाटे भिक्खूंमध्ये हीच चर्चा! दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्ताचा प्रारंभ असा आहे. तथागतांनी भिक्खूंना विचारले की, माझी निंदा ऐकून तुम्ही संतापलात, तर ते बोलणे योग्य की अयोग्य हे तुम्हांला कळेल काय? भिक्खू म्हणाले, नाही. मग तथागतांनी मार्ग सांगितला तो अगदी साधा. जे खोटे असेल ते का खोटे आहे, हे उलगडून सांगा. आणि स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका. (हा दुसरा भाग आपण सोयीने विसरतो.)

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहा. 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटविण्यात आले. मराठा आरक्षणाचे आंदोलन चालू होते. आंदोलनाच्या नेत्याविषयी आमदार बोलल्याची एक ध्वनिफीत मोबाईलवरून फिरली होती. त्या दिवशी बीड शहरातही जाळपोळ झाली आणि संचारबंदी लागली. मागणी न्याय्य की अन्याय्य, हा येथे प्रश्न नाही. ती फीत शेवटपर्यंत ऐकून किती जण निघाले असतील?

"ते त्यांचे, आपल्याला काय" असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. 2012 साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून वाद झाला. शंकर यांचे ते 1949 सालचे चित्र. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. ज्यांच्या पिढ्यांनी पाठीवर चाबूक सोसला, त्यांच्या डोळ्यांना ते चित्र निराळे दिसणारच, आणि तसे ठणकावून सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर आणि प्रा. योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. तरीही 12 मे रोजी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, आणि तीही बाबासाहेबांच्या नावाने!

त्याच पुण्यात 18 जानेवारी 1943 रोजी रानडे जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले होते. गांधी आणि जिना यांच्यावर टीका केली म्हणून वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठविली. बाबासाहेबांनी काय केले? भाषण छापले आणि प्रस्तावनेत टीकाकारांना सडेतोड उत्तर दिले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनीच इशारा दिला, की राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्या भक्तीतून त्यांनी स्वतःला वगळले नव्हते.

तेव्हा तरुणांनो, मोबाईलवर काही उलटसुलट आले, तर आधी ते पुरते वाचा. खोटे असेल तर ग्रंथ उघडा, पान दाखवा. गुन्हा असेल तर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्या. लिहिणाऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार करून बाबासाहेबांचे रक्षण होत नाही, पंचशीलाचा भंग मात्र होतो. आणि वस्तीतला जो माणूस दुसऱ्या गटाचा नेता मानतो, त्याला 'दलाल' म्हणणे आजपासून सोडा. पौर्णिमेला विहारात तो तुमच्या शेजारीच बसून त्रिसरण म्हणतो.

जयभीम.